शेवटी ‘टी’

आमच्या वर्तकनगरात कुणाच्याही घरी जा, चहा मिळतोच. पण त्याआधी ‘कॅट’ मिळते. मागोमाग बॅट, मॅट, रॅट आणि हॅट. घरातलं साडेतीन वर्षांचं माणूस बैठकीच्या मधोमध उभं केलं जातं आणि शेवटी ‘टी’ येणारे सगळे तीन अक्षरी इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट पाहुण्यांच्या अंगावर सोडले जातात. ते संपले, टाळ्या झाल्या, की मग शेवटी खरा ‘टी’ येतो.

हा प्रकार बंद झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लगेच मला इंग्रजीचा वैरी ठरवू नका. ‘कॅट’वरून ‘मॅट’ वाचायला शिकवणं ही शहाण्यांनी काढलेली युक्ती आहे. इंग्रजीत अक्षर एक सांगतं आणि तोंड दुसरंच म्हणतं. म्हणून सारख्या शेपटांचे शब्द एका दाव्याला बांधावे लागतात. तरी ती शेपटं दगा देतातच. ‘गो’, ‘नो’, ‘सो’ सरळ चालतात आणि त्याच ‘ओ’ने संपणारे ‘डू’ आणि ‘टू’ भलत्याच गल्लीत वळतात. आपला एस.टी.चा डेपो घ्या. स्पेलिंगात शेवटी चांगला ठसठशीत ‘टी’ आहे. लंडनपासून ठाण्यापर्यंत कुणी त्याला विचारत नाही. (आपले ‘च’ आणि ‘ज’सुद्धा दोन दोन उच्चार बाळगून आहेत, हे कबूल. पण ते निदान तोंड तरी उघडतात!)

तेव्हा युक्तीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते अर्थाला घराबाहेर उभं करण्याशी. अशाच एका चिरंजीवांना मी विचारलं, “बाळा, मॅट म्हणजे काय रे?”

“एम ए टी!” उत्तर तोफेसारखं आलं. चिरंजीव त्या वेळी चटईवरच उभे होते.

‘बॅट’ त्यांना क्रिकेटची ठाऊक. दुसरी बॅट म्हणजे वटवाघूळ. येऊरचं जंगल इतकं जवळ, संध्याकाळी उपवन तलावाकाठी मान वर केली तर एखादं दिसेलही. पण त्याला काय म्हणायचं, हे ना इंग्रजीत ठाऊक, ना मराठीत. ‘नॅट’ म्हणजे चिलट. त्याच्या स्पेलिंगात सुरुवातीला एक मुका ‘जी’ असतो, तो पाठ. चिलट डोळ्यात गेलं, की मात्र “मम्मा, समथिंग!” आणि ‘व्हॅट’? म्हणजे भलं मोठं पिंप. त्यांच्या वडिलांना व्हॅट म्हणजे २००५ साली आलेला कर एवढंच माहीत. २०१७ साली जी.एस.टी.ने त्याला घालवलं म्हणे. पण पेट्रोल आणि दारू या दोन ठिकाणी तो अजून ठाण मांडून आहे.

आता कर म्हटलाच आहे, तर शेवटी ‘र’ येणारे आपले दोन अक्षरी शब्द पाहा. ‘कर’ म्हणजे हात, सरकारची वसुली आणि आईचा हुकूम. ‘वर’ म्हणजे नवरामुलगा, देवाचं देणं आणि माळ्याची दिशा. ‘सर’ मोत्यांचा, पावसाची आणि एकाची दुसऱ्याला न येणारी. शेवटच्या अक्षराचा खेळ आपल्याकडे नवा नाही हो! दिवे गेले की अंधारात भेंड्या सुरू व्हायच्या. पण अडखळत म्हटलेल्या ओळीतला शब्द कळला नाही, तर शेजारी बसलेल्या आजीला अर्थ विचारता यायचा.

बरं, एवढी घाई कशासाठी? २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. ते पळून जात नाही. शाळेच्या प्रवेशासाठी म्हणाल, तर शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचं तेरावं कलम शाळेला मुलाची चाळणी परीक्षा घ्यायला मनाई करतं. मुलाचीच काय, आईबापांचीही! कलम चांगलंच आहे, फक्त त्यात पाहुण्यांचा उल्लेख राहून गेला.

तुम्ही म्हणाल, लहान आहे, मोठेपणी कळेल अर्थ. नाही कळत! टाळी वाजते ती शब्दाच्या शेपटावर, हे पोर हुशारीनं टिपून ठेवतं. शब्द म्हणायचा असतो, समजून घ्यायचा नसतो, हा त्याचा आयुष्यातला पहिला धडा. मग तेच पोर मोठं होऊन कर्जाच्या कागदावर ‘वाचले, समजले’ याखाली झोकात सही करतं. सहीसुद्धा इंग्रजीत, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. हप्ते सुरू झाले, की धावत येऊन विचारतं, “काका, याचा अर्थ काय हो?”

तो प्रश्न वीस वर्षं आधी पडायला हवा होता. म्हणून पाहुण्यांना एक विनंती. पोरानं ‘रॅट’ म्हटलं, की त्याला जवळ घ्या आणि हळूच विचारा, “म्हणजे काय रे?” त्यानं “उंदीर” म्हटलं किंवा नुसतं स्वयंपाकघरातल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं, तरी चालेल. तोवर टाळ्या खिशात ठेवा.