विद्येची देवघेव

विद्या आपल्या घराण्यातच राखावी, असे पुष्कळांना वाटते. मला हे मत मान्य नाही. प्रशांत महासागरातील एक उदाहरण पाहा.

हवाई बेटांवरील लोकांचे पूर्वज तारे व लाटा यांवरून वाट ओळखीत दूरदूरची बेटे गाठीत. पुढे ही कला तेथे लोपली. १९७५ साली हवाईकरांनी ‘होकुलेआ’ नावाची जुन्या घाटाची जोडनौका सिद्ध केली. परंतु तिला मार्ग दाखविणारा जाणता त्यांच्यात उरला नव्हता. तेव्हा दूरच्या सातावाल या चिमुकल्या बेटावरील माउ पियाइलुग त्यांच्या साहाय्यास आले. दोघांच्या भाषा एकाच कुळातील, तरी परस्परांना न कळणाऱ्या! १९७६ मध्ये माउंनी होकायंत्रावाचून ती नौका सुमारे ४,००० किलोमीटर दूर ताहितीला नेली.

ही विद्या परक्यांस देण्याची सातावालची रीत नव्हती. तथापि तेथील तरुणही तिच्याकडे पाठ फिरवू लागले होते. म्हणून माउंनी ती हवाईच्या तरुणांना शिकविली. १९८० मध्ये त्यांचे शिष्य नाइनोआ टॉम्सन यांनी नौकेला स्वतः वाट दाखवीत ताहिती गाठले.

परक्याच्या हाती विद्येचा मान राहील का, ही शंका अगदीच निराधार नव्हे. तिचे उत्तर घेणाऱ्याने आपल्या वागणुकीने द्यावयाचे असते. २००७ साली हवाईकरांनी ‘अलिंगानो माइसू’ ही नौका बांधून माउंना अर्पण केली. गुरुदक्षिणा ती हीच!

माउ २०१० मध्ये निवर्तले. त्यांची विद्या मात्र सागरावर अजून संचार करीत आहे. मुलांनो, देणाऱ्याने हात आखडू नये आणि घेणाऱ्याने ऋण विसरू नये. कला जगते ती अशानेच.