त्या हरणाचा हिशेब कोण ठेवणार?



मागच्या रविवारी प्रवचन आटोपून आम्ही चौघीजणी क्रांती चौकात रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. बोलता बोलता मी सांगून गेले की, माझ्या नववीतल्या मुलाबरोबर मी ‘वॉरक्राफ्ट’ हा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला आणि मला तो फार आवडतो. एक काकू लगेच म्हणाल्या, “अगं, तो राक्षसांच्या गेमवरचा ना? नुसती मारामारी नि रक्त! जैनाच्या घरात चालतं कसं तुला हे?”

रिक्षा आली, विषय तिथेच राहिला. पण काकू, तुमचा प्रश्न मी घरी घेऊन आले. त्याचं उत्तर आज देते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘वॉरक्राफ्ट’ हा 1994 साली आलेला संगणकावरचा खेळ. माणसं एका बाजूला, ऑर्क नावाचे सुळेवाले धिप्पाड जीव दुसऱ्या बाजूला, आणि त्यांचं युद्ध. त्यावर डंकन जोन्स यांनी 2016 साली सिनेमा काढला. समीक्षकांनी तो धुऊन काढला. अमेरिकेत फारसा चालला नाही, चीनमध्ये मात्र तुफान चालला, आणि जगभरात मिळून सुमारे 44 कोटी डॉलर कमावूनही त्याचा पुढचा भाग निघाला नाही. दोष मलाही दिसतात. नावं इतकी की वहीत लिहून घ्यावी लागतील, माणसांचा राजा आणि त्याचा दरबार फिका, आणि शेवट अर्धवट.

पण त्यात एक प्रसंग आहे. ऑर्कांची भूमी ओसाड झाली आहे. गुलदान नावाचा त्यांचा मांत्रिक कैद्यांचे प्राण शोषून दुसऱ्या जगाचं दार उघडतो. त्या दारातून जाताना द्रका या गरोदर बाईला कळा सुरू होतात. बाळ जन्मतं, पण हालचाल नाही. गुलदान जवळच्या एका हरणाचा जीव ओढून घेतो आणि तो बाळात ओततो. बाळ रडतं. त्याची कातडी हिरवी होते. सगळे आनंदाने ओरडतात.

हरीण तिथेच पडलेलं असतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नेमिनाथ भगवान आठवले. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते दारातून परत फिरले. वरातीतल्या बाकी सगळ्यांनी तो आक्रोश ऐकलाच असेल की! फिरले ते एकटेच. सिनेमात ड्यूरोटान, म्हणजे त्या बाळाचा बाप, तसाच एकटा पडतो. त्याला उमगतं की आपली जमीन नशिबाने मेलेली नाही, या विद्येने मारली आहे, आणि आता नवीन जमीनही तशीच मरणार. बळ मिळतंय खरं, पण कुणाच्या जिवावर? सगळ्या टोळ्यांत हे विचारणारे त्याच्यासारखे मोजकेच.

तो शेवटी काय करतो? फौजा झुंजवण्याऐवजी गुलदानलाच द्वंद्वाचं आव्हान देतो. आपल्या पुराणात भरत-बाहुबलींनी सैन्याची कत्तल टाळण्यासाठी दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध केलं, तीच ही रीत. भरताने हरल्यावर नियम मोडून चक्र सोडलं, तसा गुलदानही नियम मोडून तीच विद्या वापरतो. बाहुबली जिंकून सगळं सोडून गेले. वेरूळच्या जैन लेण्यांत ते आजही वेलींनी वेढलेले उभे आहेत. ड्यूरोटान मरतो. तो काही वीतराग नाही, योद्धाच आहे, हे मला कळतं. पण ज्याला फक्त मारणंच शिकवलं त्याला हा प्रश्न पडतो, ही गोष्ट लहान नाही.

आता काकूंच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा मीच मांडते. यशोधर राजाची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. त्याने आईच्या आग्रहाखातर खरा नाही, पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी मायलेकांना कित्येक तिर्यंच जन्म भोगावे लागले. कारण हिंसा संकल्पात होती. मग पडद्यावरचा शत्रू मारणं हा पिठाचा कोंबडाच नाही का? गेमच्या बाबतीत हे मला पटतं. बोट माझ्या मुलाचं, मारण्याचा हेतू त्याचा. म्हणून आमच्याकडे तो खेळ शनिवारी एक तास, आणि चतुर्दशीला बंद. यावर रोज वाद होतो, तो मी घालते.

सिनेमाचं तसं नाही. तिथे बघायचं ते अनुमोदन. हिंसा पाहून मन सुखावलं की कळवळलं? क्रांती चौकातलाच काळा चबुतरा घ्या. 1857 साली बंड केलेल्या शिपायांना तिथे देहदंड दिला, हे आपण मुलांना सांगतोच. त्याने मुलं हिंसक होतात असं कुणी म्हणत नाही, कारण आपण मरणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. गेममध्ये पडलेला शत्रू म्हणजे नुसते गुण. या सिनेमात त्याला बायको आहे, पाळण्यातलं बाळ आहे. सरसकट “मारामारीचा” म्हणून दोन्ही एकाच टोपलीत टाकणं हा विवेक नाही, सोय आहे.

आणि सोयीचंच बोलायचं तर पुढचं ऐका. दिवाळीनंतर नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता होता. दुकानात पैठण्या उलगडल्या जात होत्या, आम्ही काठ बघत होतो. माझा मुलगा कंटाळून बसला होता. त्याने विचारलं, “आई, रेशीम किड्यांना उकळत्या पाण्यात टाकून काढतात ना?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “मग हे त्या हरणासारखंच झालं.”

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. एका साडीमागे हजारो कोष जातात. ती नेसून आपण पूजेला बसतो, आणि मुलाने सिनेमा पाहिला की आपल्याला अहिंसा आठवते. ज्या सिनेमाने धर्म बुडेल असं काकूंना वाटतं, त्याच सिनेमाने माझ्या मुलाला तो प्रश्न विचारायला शिकवलं. मी त्याला इतकी वर्षं पाठशाळेत पाठवते, पण कपाटाकडे बोट दाखवायचं धाडस त्याला ड्यूरोटानने दिलं.

मी त्या दिवशी सुती साडी घेतली. सासूबाईंनी दिलेली पैठणी मात्र अजून कपाटात आहे. ती टाकवत नाही, आणि आता नेसवतही नाही.

तेव्हा काकू, सिनेमा बंद करायला सांगू नका. अगदी लहानांना दाखवू नका, पण मोठ्या मुलांबरोबर स्वतः बसा. हरणाचा प्रसंग आला की थांबवा आणि विचारा, “हे बाळ कुणाच्या जिवावर जगलं?” मग मुलं जे उलट विचारतील, त्याचं उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे अजून पूर्ण नाही.

जय जिनेंद्र.