कापसाचा बर्फ

“तुमचं मराठी काय छान आहे हो!”

हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकले असेल, याचा हिशेब नाही. म्हणणारा मनुष्य नेहमीच सज्जन असतो, आणि तीच तर अडचण आहे. दुष्ट असता तर भांडता तरी आले असते. आगगाडीत शेजारी बसलेले गृहस्थ असतात. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, त्यामुळे पाऊण तास आम्ही पाऊस, मुलांच्या नोकऱ्या आणि गुडघे या विषयांवर यथेच्छ बोललेलो असतो. मग बोलण्याच्या ओघात मी ख्रिस्ती असल्याचे बाहेर पडते. गृहस्थ क्षणभर थांबतात, चष्मा सारखा करतात, आणि वरील उद्गार काढतात. त्याआधीच्या पाऊण तासात माझ्या मराठीत त्यांना काहीही विशेष आढळलेले नसते!

“तुमचंही बरं आहे,” हे शब्द अनेकदा अगदी जिभेवर येतात. पण तेवढ्यात त्यांचा दुसरा प्रश्न येतो, “मग काय, नाताळात तुमच्याकडे केकबिक, ते झाड, तो बर्फ... मज्जा असेल!”

मंडळी, या दोन वाक्यांना मी गेली पन्नास वर्षे मनातल्या मनात उत्तर देतो आहे. आज कागदावर देतो. माझे म्हणणे एवढेच, की नाताळ हा चकलीचा सण आहे, आणि त्याच्यावर साचलेला कापूस ताबडतोब काढून टाकण्यात यावा. हा कापूस आगगाडीतल्या गृहस्थांनी टाकलेला नाही. तो आम्हीच टाकला. त्यामुळे हे भांडण अर्धे त्यांच्याशी आहे आणि अर्धे घरातच आहे.

माझे बालपण नगरला गेले. २०२४ पासून त्या शहराचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या आजीला ‘अहमदनगर’ हेसुद्धा उगाच लांबण लावल्यासारखे वाटायचे. तिचे नगर ते नगर. तिथल्या एका वाड्यात सहा बिऱ्हाडे होती, आणि त्यांत ख्रिस्ती आमचे एकच.

आमचा नाताळ सुरू व्हायचा तो दिवाळीत. म्हणजे असे, की दिवाळी संपली की शेजारच्या काकूंचा आकाशकंदील खाली उतरायचा आणि त्याची आमच्याकडे बदली व्हायची. बाबा त्याचे जुने कागद सोलून काढीत, कामट्या पुन्हा बांधीत आणि खळ लावून त्यावर पतंगाचा कागद चढवीत. षटकोनी कंदिलाचा पंचकोनी तारा करण्याची ही शस्त्रक्रिया चार रविवार चाले, आणि रोगी दरवर्षी थोडा वाकडाच बरा होई. ज्या ताऱ्याने पूर्वेच्या ज्ञानी लोकांना बेथलेहेमची वाट दाखवली, तो आमच्या दारात मात्र दरवर्षी वाड्यातल्या नळकोंडाळ्याची वाट दाखवीत असे.

इकडे आजीची आघाडी वेगळीच. रेशनची साखर चहात चिमटीने टाकून तिने साठवलेली असे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाजणी दळून यायची, आणि मग चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू, करंज्या! केक नसे असे नाही. पातेल्यात वाळू, वाळूवर डबा, वर झाकण, झाकणावर निखारे, अशा थाटात तो भाजला जाई. एका बाजूने पोळे आणि दुसऱ्या बाजूने कच्चा राही. पण केकवर कुणाची भिस्तच नव्हती. पाहुणा आला की केकचा तुकडा शिष्टाचारासाठी असे आणि चकली खाण्यासाठी.

चकलीचे महत्त्व एवढे, की एकदा देवळातल्या नाताळच्या नाटकात माझा थोरला भाऊ ज्ञानी मागी झाला होता. बाळ येशूसाठी सोने, ऊद आणि गंधरस घेऊन तिघे मागी यायचे होते. भावाच्या हातात सोने म्हणून आजीचा पितळी डबा होता. दुसऱ्या मागीचे भाषण जरा लांबले. पडद्याआडून नव्हे, भर रंगमंचावर ‘कुर्रम’ असा आवाज झाला. भावाने गव्हाणीपाशी डबा ठेवला तेव्हा त्यात सोने फक्त एक वेटोळे उरले होते.

असा सगळा सुखाचा संसार चालू असताना १९६६ साली आमच्या घरात बर्फ आला.

तो आणला मामाने. मामा मुंबईत नोकरीला होता, म्हणजे आमच्या घरातला विलायतेचा अधिकृत प्रतिनिधी. कुणाकडून तरी मिळालेले एक परदेशी भेटकार्ड घेऊन तो आला. कार्डावर झाड, आणि झाडावर बर्फ. “खरं नाताळचं झाड हे असं असतं,” मामा म्हणाला. आमचे झाड म्हणजे बाभळीची फांदी. नगरला दुसरे मिळणार काय? पण बाभळीसारखे सोयीचे झाड नाही. काट्याकाट्याला काहीही अडकवा, दोरा लागत नाही. मामाने आजीची जुनी उशी उसवली, बाभळीवर कापूस पसरला आणि मधूनमधून मेणबत्त्या चिकटवल्या. विलायतेचा देखावा पुरा झाला. मिनिटभर टिकलाही. मग एका मेणबत्तीने मान टाकली.

मी आठ वर्षांचा होतो. ओरडत अंगणात पळालो, “बर्फ पेटला! बर्फ पेटला!” वाड्यातले अण्णा बादली घेऊन धावत आले. “काय पेटलंय?” “बर्फ!” अण्णांनी बादली खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तोवर आत आत्याने कच्च्या करंज्यांवर झाकलेले ओले फडके ओढून आग बडवून विझवली होती. उघड्या पडलेल्या करंज्या सुकल्या आणि त्या वर्षी एकूण एक तेलात फुटल्या. बर्फाला आग लागण्याची घटना जगात अन्यत्र नोंदलेली नसावी.

माझे बर्फाशी वैर आहे ते तेव्हापासून. पण केवळ करंज्या फुटल्या म्हणून मी एवढा कागद खर्ची घालणार नाही. मला सांगा, ह्या बर्फाचा आमच्या सणाशी संबंध काय? बेथलेहेमात बर्फ क्वचित कधी तरी पडतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या जन्मकथेत तो नावालाही नाही. तिथे काय आहे? नावनिशीसाठी गावी निघालेले गरीब जोडपे, उतरायला न मिळालेली जागा, गुरांची गव्हाण, आणि रात्री रानात मेंढरे राखणारे मेंढपाळ. यातले नगर जिल्ह्याला नवे काय आहे? गव्हाण आमच्या वाड्याच्या मागे होती. घोंगडे पांघरून मेंढरांमागे जाणारे धनगर आमच्या रस्त्यावरून जात. शिरगणती आम्हाला ठाऊक, आणि मुक्कामाला जागा न मिळणे तर फारच ठाऊक. ही गोष्ट समजायला आजीला एकही शब्द कुणाला विचारावा लागला नाही. विचारावे लागले ते मामाच्या कार्डावरचे, “हे पांढरं काय सांडलंय रे?”

बरे, ते झाड तरी किती पुराणे? चाल मुळात जर्मनीची. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापले आणि इंग्लंडात घरोघरी झाडे उभी राहू लागली. आमच्या नगरला ख्रिस्ती लोकांचे ‘ज्ञानोदय’ निघू लागले १८४२ साली. म्हणजे साहेबाच्या घरातल्या त्या झाडाच्या चित्राहून आमचा मराठी छापखाना सहा वर्षांनी मोठा आहे!

आणि मराठीचे म्हणाल, तर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले १६१६ साली. दहा हजारांवर ओव्या, मराठीत. शिवाजीमहाराजांचा जन्म व्हायला अजून चौदा वर्षे होती. साहेब आमच्या मुलखात येऊन ओव्या रचता झाला, आणि आम्ही त्याच्या मुलखातला बर्फ उशीतून काढतो आहोत. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि येशूवर अभंग आणि भजने लिहिली. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचून हसता हसता डोळे पुसणाऱ्या वाचकांना ‘या बाईंचं मराठी काय छान आहे हो,’ असे आश्चर्य वाटल्याचे ऐकिवात नाही.

टिळकांची ती भजने घेऊन आम्ही नाताळच्या आदल्या रात्री बाहेर पडत असू. पुढे पेट्रोमॅक्स, मागे पेटी गळ्यात अडकवलेले आजोबा, मग तबला, टाळ, आणि शेवटी आम्ही पोरे, कुत्र्यांच्या तोंडी द्यायला. घरोघरी भजन, घरोघरी आल्याचा चहा. दहाव्या घरानंतर तबलजीची लय वाढायची, ती भक्तीने नव्हे. एका वर्षी बाजाराला आलेला एक शेतकरी गाडीखाली झोपला होता. टाळ ऐकून तो उठला, मुंडासे बांधले आणि आमच्याबरोबर चालू लागला. तीन घरे चालला, तिन्ही ठिकाणी आमच्याहून चांगला ताल धरला. मग त्याने आजोबांना विचारले,

“दिंडी कुठल्या गावची म्हनायची?”

“बेथलेहेमची,” आजोबा म्हणाले.

“कुठशी आलं हे?”

आजोबांनी जरा विचार केला. “पारनेरच्या पुढं.”

“लांबून आलात जी,” असे म्हणून तो आजोबांच्या पाया पडला आणि चौथ्या घराकडे निघाला. मोठेपणी मी नकाशा काढून पाहिला. अंतर थोडे चुकले होते, पण दिशा साधारण बरोबर होती.

आता जिच्यासाठी हे सगळे लिहायला बसलो, ती गोष्ट सांगतो.

दिवाळीत काकूंकडून फराळाचे ताट येई, वर विणलेला रुमाल. आलेले ताट फेडायचे, हा वाड्याचा कायदा. त्यामुळे नाताळात आमचे ताट त्यांच्याकडे जाई. आता काकूंचे घर सोवळ्याओवळ्याचे. म्हणून आजी पहाटे अंघोळ करून माळ्यावरून एक वेगळी कढई काढी. ती वर्षातून एकदाच खाली येई. आम्ही तिला ‘काकूंची कढई’च म्हणत असू. नव्या तेलातला पहिला घाणा काकूंचा. अंडी त्या दिवशी घरात येत नसत. ताट पोचवायचे काम माझे. “ठेव हो तिथं,” काकू हसून म्हणत. तिथं म्हणजे दाराबाहेरच्या कोनाड्यात. संध्याकाळी ताट परत येई, लख्ख घासलेले, वर साखरेची चिमूट. मधल्या वेळात त्या चकल्यांचे काय होई, हे आजीने कधी विचारले नाही. मला माहीत होते. वाड्याच्या मागच्या गव्हाणीत मी गाईला चकली खाताना पाहिले होते. मी आजीला सांगितले नाही. तिलाही माहीत असावे, असे आता वाटते. तरी कढई दरवर्षी माळ्यावरून खाली येतच राहिली.

१९६९ साली काकूंच्या सासूबाई गेल्या. त्या नाताळात ताट घेऊन आजी स्वतः गेली. काकूंनी रुमाल बाजूला केला, एक करंजी उचलली, उंबऱ्यात उभ्या राहूनच मोडली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. मग म्हणाल्या, “सारण जरा कोरडं झालंय हो. दुधाचा हात लावायचात.”

आजी घरी आली ती डोळ्यांना पदर लावूनच. आम्हाला वाटले, काहीतरी अपमान झाला. “नावं ठेवली रे तिनं,” आजी म्हणाली, “माझ्या करंजीला नावं ठेवली!” आणि रडता रडता हसायला लागली.

मंडळी, हे केकला जमले असते? केक आवडला नसता तरी काकू “छान आहे हं” म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता. केकला नावे ठेवण्याचा अधिकार त्यांच्यापाशी नव्हता, करंजीवर होता. ज्या पदार्थाला शेजारीण नावे ठेवू शकते, तो पदार्थ तिचाही असतो.

गेल्या नाताळात मुलाच्या सोसायटीत गेलो होतो. प्लास्टिकचे झाड, त्यावर पोतेभर कापूस, आणि लाल डगला घालून घामाघूम झालेला सांताक्लॉज. दाढीतला कापूस तोंडात जात होता म्हणून तो दर मिनिटाला थुंकत होता. जवळ गेल्यावर कळले, की तो खालचा वॉचमन आहे. शेजारीपाजारी आले, केक खाल्ला, फोटो काढले, आणि जाताना कौतुकाने म्हणाले, “अगदी फॉरेनला आल्यासारखं वाटलं!” माझी सून खूश झाली. मी मात्र आगगाडीतल्या गृहस्थांना मनोमन माफ करून टाकले. आम्हीच घरात फॉरेन मांडून ठेवल्यावर त्यांना आमच्या मराठीचे आश्चर्य नाही वाटणार, तर काय वाटणार?

यावर काही जण म्हणतील, “पण तुमचा नाताळ हा शब्दच पोर्तुगीज.” आहे की! पगार आणि बटाटाही पोर्तुगीजच. तेवढ्यासाठी पगार परत केल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही. एकादशीला जी साबुदाण्याची खिचडी लागते, तिच्यातला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. तरी ती उपासाला चालतात, कारण आजीने ढवळलेली असतात. परक्याचे आपले होते ते कढईत. काचेआड ठेवून, वर कापूस पसरून होत नाही.

आणि हो, सांताक्लॉजला हाकलून द्या म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभे करू नका. त्यांना तो परका आहे म्हणून नको. मला तो चालेल, फक्त त्याने डगला काढून घोंगडे घ्यावे आणि दोन चकल्या खाव्यात. मूळचा संत निकोलस तरी कुठे बर्फातला? आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा तो बिशप.

यंदा मी सुनेशी तह केला आहे. झाड तिचे, फराळ माझा. आजीची कढई माझ्याकडेच आहे. तेव्हा येत्या २५ डिसेंबरला सर्वांनी अगत्य यावे. करंज्या असतील, चकल्या असतील, आणि दोन्हींना मनसोक्त नावे ठेवता येतील. बर्फ लागलाच, तर फ्रीजमध्ये आहे.