थकवा म्हणजे आळस नव्हे

संपादक महोदय,
इच्छा असेल तर थकवा आड येत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. २००९ साली संशोधक मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी वेल्समध्ये काही जणांना दीड तास डोके शिणवणारे काम देऊन मग सायकल चालवायला लावली. एरवीपेक्षा ते सुमारे पंधरा टक्के लवकर थांबले. हृदय, फुप्फुसे, स्नायू ठीक होते, जिंकण्याची ईर्षाही कमी नव्हती. तेच श्रम जड वाटत होते, इतकेच. पॅरिसमधील २०२२ च्या अभ्यासात सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेले आढळले आणि ती माणसे कमी कष्टाच्या, झटपट मोबदल्याच्या पर्यायाकडे झुकली. ग्लुटामेट हेच कारण, असे यातून सिद्ध होत नाही, हे मान्य.

इच्छाशक्ती खर्च होते हा सिद्धांत २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांत फसला, हा आक्षेपही रास्त आहे. पण तिथली कामे काही मिनिटांची होती. दिवसभर हिशेब तपासणाऱ्या किंवा रात्रपाळीत रुग्ण सांभाळणाऱ्या माणसाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

एक वाचक