शाळेच्या दारात माळव्याची पाटी



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, ‘ताई, गावच्या शाळेच्या खिचडीसाठी आमच्या बचत गटाने रोज भाजी द्यावी असे गुरुजी म्हणतात. गटातल्या निम्म्या जणी हो म्हणतात, निम्म्या म्हणतात सरकारी काम, पैसे बुडतील. काय करावे?’

बाई, या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देणार नाही. आमच्या गटाने ही पाटी डोक्यावर घेतली आहे, ठेचही खाल्ली आहे. तुम्हीही पाटी उचला, पण पायाखाली बघून.

आधी हे गिऱ्हाईक कोण ते समजून घ्या. आपल्या खेड्यातली शाळा बहुतेक करून जिल्हा परिषदेची. शाळेत पोरांना आहार द्यायची केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे पोरे महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी आणायची. पुढे 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की पोरांना शिजवलेले अन्नच द्यावे. तेव्हापासून शाळेत चूल पेटली. 2021 पासून योजनेला पीएम पोषण म्हणतात. गावात मात्र ती खिचडीच.

या चुलीला तांदूळ सरकारकडून येतो. डाळ, तेल, मसाला वरून नेमलेला पुरवठादार आणून टाकतो. तिथे मोठमोठी टेंडरे असतात, ते आपले काम नव्हे. भाजी आणि जळण मात्र बहुतेक खेड्यांत गावातच घेतात, आणि त्यासाठी शाळेला पोरामागे ठरलेले अनुदान मिळते. आपला शिरकाव होतो तो इथे.

किती भाजी लागते?

हा हिशेब बी टाकण्याआधी करा. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 50 ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीच्या पोराला 75 ग्रॅम. समजा तुमच्या शाळेत लहान वर्गांत 80 आणि मोठ्या वर्गांत 40 पोरे जेवतात. म्हणजे लहानांची 4 किलो आणि मोठ्यांची 3 किलो, एकूण 7 किलो. महिन्याचे 22 दिवस धरले तर 154 किलो.

आता बघा, 154 किलोसाठी कुणी एकरभर टोमॅटो लावतो का? पाण्याजवळचे चार-पाच गुंठे पुरे. त्यात एकच माळवे नको. एका वाफ्यात मेथी, एकात पालक, कडेने दोडका, बांधावर शेवगा, कोपऱ्यात लाल भोपळ्याचे दोन वेल. भोपळा काढून ठेवला तर महिने टिकतो. बाजारात टोमॅटो कडाडला की भोपळाच आपली आणि गुरुजींची अब्रू राखतो, कारण बाजार चढला म्हणून शाळेचे अनुदान चढत नाही.

सुट्ट्याही ध्यानात ठेवा. मे महिन्यात शाळेला कुलूप. जूनच्या मध्यावर शाळा उघडते, विदर्भात आणखी उशिरा. दिवाळीचीही सुट्टी असते. एप्रिलअखेर भरात येणारी गवार शाळेसाठी लावली तर ती घरीच खावी लागेल.

आमची ठेच

आम्ही सुरुवात केली तेव्हा मोठा उत्साह होता. दर ठरला सरासरी किलोला 20 रुपये, म्हणजे दिवसाचे 140. बाजारात कधी याहून जास्त मिळतो, खरे आहे. पण गाडीभाडे नाही, हमाली नाही, तोलाई नाही, आणि पाटीतला माल उरून परत येत नाही. आम्हाला ते परवडले.

चूक झाली ती विश्वासाने. गुरुजी भला माणूस. ‘ताई, तुम्ही ठेवून जा, मी मांडतो,’ म्हणायचे. आम्हीही सकाळी भाजी ठेवायचो आणि शेताला पळायचो. तीन महिने अनुदानच आले नाही. 66 दिवसांचे 9,240 रुपये अडकले. मोठ्या घराला ही रक्कम काही नाही. पण आमच्यातल्या एकीला लेकीची कॉलेजची फी भरायची होती. तिने शेवटी कानातली गहाण टाकली. ती तोंडाने काही बोलली नाही, पण गटाच्या बैठकीला यायची बंद झाली. पैशापेक्षा ते जास्त लागले.

पुढे अनुदान आले, तोवर गुरुजींची बदली झालेली. नव्या बाईंनी वही उघडली तर 17 दिवसांची नोंदच नाही! 2,380 रुपयांचा प्रश्न. त्या म्हणाल्या, ‘ताई, कागद नसेल तर मी कशावर सही करू?’ राग आला, पण त्यांचेही बरोबरच होते. उद्या तपासणीला त्यांनाच उत्तर द्यायचे. मग आहाराच्या नोंदवहीत कोणत्या दिवशी काय शिजले ते पाहिले, स्वयंपाक करणाऱ्या दोघींनी सांगितले, आणि 11 दिवस मान्य झाले. 6 दिवसांचे 840 रुपये बुडाले. ते आम्ही सगळ्यांनी वाटून सोसले, आणि त्या मैत्रिणीच्या वाट्याचे तिच्यावर टाकले नाहीत. ती आता पुन्हा बैठकीला येते.

म्हणून हे करा

पहिले, दुरेघी वही घ्या. रोज तारीख, भाजीचे नाव, वजन लिहा आणि तिथल्या तिथे सही घ्या. एक प्रत शाळेला, एक आपल्याला. गुरुजी देवमाणूस असले तरी सही घ्याच. नाते चहापुरते, व्यवहार कागदावर.

दुसरे, दर आणि बिल द्यायची तारीख आधी ठरवून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. म्हणजे ती समिती आपलीच आहे. पण ज्या बाई समितीत असतील त्यांनी आपल्या भाजीचा विषय निघाला की मत देऊ नये, बाजूला बसावे. गावाच्या तोंडाला हात लावता येत नाही.

तिसरे, पैसे गटाच्या बँक खात्यावरच घ्या. कुणाच्या नवऱ्याच्या खात्यावर नको. दर महिन्याला बिल द्या, साचू देऊ नका. मार्चअखेर तर मागचे सगळे बिल पोचलेच पाहिजे.

चौथे, तीन महिने पैसे आले नाहीत तरी घर चालेल एवढीच उडी घ्या. गटाच्या बचतीतून थोडी रक्कम या कामासाठी वेगळी काढा. जिची नड मोठी, तिला त्यातून आधी द्या. हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो, तुम्ही आधीच शिका.

कर्ज काढून मोठे होऊ नका

सरकारी निर्णय पावसासारखा असतो. राज्यात नोव्हेंबर 2023 मध्ये पोरांना आठवड्याला अंडे द्यायचे ठरले. ते ऐकून कुणी शाळेच्या भरवशावर कर्जाने कोंबड्या घेतल्या असतील, तर जानेवारी 2025 मध्ये राज्याने त्याचा पैसा थांबवल्यावर त्यांनी काय करावे? गणवेशाचेही तसेच. 2024 मध्ये कापड वरून आले आणि शिलाई महिला गटांकडे गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात निर्णय फिरला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा समित्यांकडे आले. घरात मशीन आहे, हात रिकामा आहे, तर शिलाईचे काम जरूर मागा. पण एका हुकुमावर पाच मशिनी हप्त्याने घेऊ नका.

आणि सर्वांत मोठी गोष्ट

बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी 16 जुलै 2013 ला शाळेतले जेवण खाऊन 23 लेकरे गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस उतरले होते. शेतात फवारायचे औषध! आपल्या कितीतरी घरांत औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात काहीबाही भरतात. बायांनो, तो डबा फोडून टाका. त्यात शाळेचेच काय, जनावराचे पाणीसुद्धा भरू नका. शाळेच्या वाफ्यावर शक्यतो औषध मारूच नका. मारावेच लागले तर डब्याच्या चिठ्ठीवर जितके दिवस थांबायला सांगितले आहे तितके दिवस ती भाजी तोडू नका. त्या दिवशी भोपळा द्या, नाहीतर ‘आज भाजी नाही’ असे स्पष्ट सांगा. 140 रुपये बुडाले तर बुडू देत.

अडत्याला दिलेला माल कुणाच्या ताटात जातो ते आपल्याला कळत नाही. हा मात्र आपल्याच पोरांच्या, जावेच्या पोरांच्या, मजुराच्या पोरांच्या ताटात जातो. किडकी वांगी एक वेळ बाजारात खपतील, इथे संध्याकाळी आपलेच पोर घरी येऊन सांगेल, ‘आई, आज भाजीत अळी होती.’

तर बाई, गटाला सांगा, भाजी द्या. यातून बंगला उठणार नाही. पण तेलामिठाचा खर्च निघेल, बँकेत गटाची पत वाढेल, आणि गावची पोरे गावची ताजी भाजी खातील. फक्त उद्या सकाळी पाटी उचलण्याआधी दुरेघी वही घेतली का, ते बघा.

तुमच्याही गटाचा असा काही अनुभव असेल तर कळवा. बऱ्याचा कळवा, वाईटाचाही कळवा.

तुमची ताई