आमदार आवरेना, खासदार टिकेना : हिंगोलीत शिंदेंच्या शिवसेनेचं नेमकं अडलं कुठं?

३ एप्रिल २०२४. लोकसभेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी अर्ज भरायला फक्त एक दिवस उरला होता. हिंगोलीचे विद्यमान खासदार हेमंत पाटील यांची उमेदवारी शिंदेंच्या शिवसेनेनं सहा दिवस आधीच जाहीर केली होती. प्रचाराची तयारीही सुरू होती. आणि अचानक बातमी आली, पाटलांचं तिकीट कापलं, बाबुराव कदम कोहळीकर नवे उमेदवार.

राज्यात मुख्यमंत्री कोण? एकनाथ शिंदे. पक्षाचे प्रमुख नेते कोण? तेही शिंदेच. मग स्वतः जाहीर केलेला उमेदवार स्वतःच्याच पक्षाला टिकवता का आला नाही?

त्याच जिल्ह्यात दुसरं टोक होतं आमदार संतोष बांगर यांचं. एकामागून एक वाद झाले, गुन्हे दाखल झाले, पण पक्षातलं त्यांचं वजन काही कमी झालं नाही. खासदाराचं तिकीट एका दिवसात जातं आणि आमदाराला कुणी हात लावत नाही, हे गणित समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

पक्ष मिळाला तो आमदार मोजून

जून २०२२ मध्ये शिंदे आमदार घेऊन आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला गेले. २०१९ ला शिवसेनेचे ५६ आमदार निवडून आले होते, त्यातले ४० शेवटी शिंदेंसोबत गेले. जुलैमध्ये १२ खासदारांनीही वेगळा गट केला, पुढं हा आकडा १३ झाला. या खासदारांत हिंगोलीचे हेमंत पाटील होते.

मग वाद निवडणूक आयोगाकडं गेला. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिला. पण कशाच्या आधारावर, हे इथं महत्त्वाचं आहे. जिल्हाप्रमुख, शाखाप्रमुख कुणाकडं किती, यावर आयोगानं निकाल दिला नाही. २०१८ ची पक्षघटना लोकशाहीला धरून नाही, बहुतेक पदाधिकारी वरून नेमलेले आहेत, त्यामुळं संघटनेतलं बहुमत मोजण्यात अर्थ नाही, असं आयोगाचं म्हणणं होतं. मग आयोगानं आमदार-खासदार मोजले.

या निकालाचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. ज्या पक्षाची मालकीच आमदारांच्या संख्येवर ठरली, त्या पक्षात आमदार हा नेत्याचा शिपाई राहत नाही. तो भागीदार होतो. आणि भागीदाराला नोटीस काढणं सोपं नसतं.

बांगर प्रकरण : रडले, गेले आणि मोठे झाले

कळमनुरीचे आमदार संतोष बांगर हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण.

बंड झालं तेव्हा बांगर उद्धव ठाकरेंसोबत होते. हिंगोलीत कार्यकर्त्यांसमोर बोलताना त्यांना रडू कोसळलं. गेलेल्या आमदारांनी परत यावं, असं ते सांगत होते. तो व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हाही ते ठाकरे गटातच होते. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं आणि बांगर शिंदेंच्या बाजूनं उभे राहिले. ठराव १६४ विरुद्ध ९९ असा मंजूर झाला.

ठाकरेंनी त्यांना जिल्हाप्रमुखपदावरून काढलं. शिंदेंनी त्यांनाच पुन्हा जिल्हाप्रमुख केलं. म्हणजे आमदारही तेच आणि जिल्ह्यातली संघटनाही त्यांच्याच हातात.

त्यानंतरची यादी लांब आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्यान्ह भोजन योजनेतल्या निकृष्ट जेवणावरून त्यांनी व्यवस्थापकाच्या कानशिलात लगावली, तीही कॅमेऱ्यासमोर. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिल्हा परिषद शाळेतल्या चिमुकल्यांना ते सांगताना दिसले की, आईवडिलांनी मला मत दिलं नाही तर दोन दिवस जेवू नका. निवडणुकीत लहान मुलांचा वापर करू नका, असं आयोगानं बजावून काहीच दिवस झाले होते. डिसेंबर २०२५ च्या हिंगोली नगरपालिका निवडणुकीत तर मतदान केंद्रातला त्यांचा व्हिडिओ समोर आला आणि गुन्हा दाखल झाला.

दर वेळी विरोधकांनी कारवाईची मागणी केली. पक्षातलं त्यांचं स्थान मात्र हललं नाही. कारण सरळ आहे, कळमनुरीत पक्ष आणि बांगर या दोन वेगळ्या गोष्टी राहिलेल्याच नाहीत. जिल्हाप्रमुखावर तक्रार करायची तर ती कुणाकडं करायची, आमदाराकडं? तोही तोच माणूस!

मग खासदाराचं काय झालं?

हेमंत पाटीलही काही शांत नेते नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. पाटील तिथं गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांनाच शौचालय साफ करायला लावलं. व्हिडिओ व्हायरल झाला, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्याच्या शेवटी मराठा आरक्षणासाठी त्यांनी खासदारकीचा राजीनामा लिहून दिला. तो मंजूर झाला नाही, ते खासदार राहिले.

पण त्यांचं तिकीट या वादांमुळं गेलं, असं समजू नका. विषय मित्रपक्षाचा होता.

हिंगोली लोकसभा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरला आहे. हिंगोली जिल्ह्यातले हिंगोली, कळमनुरी, वसमत, नांदेडमधले हदगाव, किनवट आणि यवतमाळमधला उमरखेड, असे सहा विधानसभा मतदारसंघ. एप्रिल २०२४ ला हिंगोलीत भाजपचे तान्हाजी मुटकुळे, किनवटमध्ये भाजपचे भीमराव केराम आणि उमरखेडमध्ये भाजपचे नामदेव ससाणे आमदार होते. शिंदेंच्या शिवसेनेकडं सहापैकी एकच, कळमनुरी.

म्हणजे खासदार शिवसेनेचा, पण मतदारसंघातली यंत्रणा भाजपची. बूथ कोण लावणार, गाड्या कोण देणार, गावोगावी फिरणार कोण? स्थानिक भाजपवाल्यांनी पाटलांच्या नावाला उघड विरोध केला आणि उमेदवार बदलला गेला. त्याच दिवशी शेजारच्या यवतमाळ-वाशिममध्ये पाच वेळच्या खासदार भावना गवळी यांना डावलून हेमंत पाटलांच्या पत्नी राजश्री पाटील यांना तिकीट मिळालं. एकाची नाराजी मिटवायला दुसऱ्याची जागा गेली.

इथं शिंदेंची खरी अडचण दिसते. पक्षाच्या आत आमदार भागीदार, त्याला दुखावता येत नाही. पक्षाच्या बाहेर भाजप मोठा भागीदार, त्यालाही दुखावता येत नाही. मग मधल्या मध्ये जो सापडतो, तो जातो.

मतदारांनी काय केलं?

४ जून २०२४ ला निकाल लागला. हिंगोलीत ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर १ लाख ८ हजारांवर मतांनी जिंकले. २०१९ ला हीच जागा एकत्र शिवसेनेनं पावणेतीन लाखांहून जास्त फरकानं जिंकली होती. यवतमाळ-वाशिमलाही राजश्री पाटील पडल्या. उमेदवार बदलून दोन जागा वाचवायच्या होत्या, त्या दोन्ही गेल्या.

अर्थात सगळा दोष उमेदवार बदलण्यावर टाकणं बरोबर होणार नाही. सोयाबीनचे पडलेले भाव, मराठा आरक्षणाचं आंदोलन आणि पक्षफुटीचा राग, हे सगळं त्या निवडणुकीत मराठवाडाभर होतं. जवळा बाजारच्या मोंढ्यात सोयाबीन आणि हळद घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला दिल्लीतला उमेदवार कुणी ठरवला यापेक्षा क्विंटलला काय भाव मिळाला, हे जास्त लक्षात राहतं.

पण गोष्ट इथं संपत नाही. पाचच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा झाली आणि या लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा जागा महायुतीनं जिंकल्या. बांगर कळमनुरीतून पुन्हा आले. लोकसभेला हरलेले कोहळीकर हदगावमधून आमदार झाले. हेमंत पाटील त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत पोचले होते. भावना गवळीही जुलैमध्ये विधान परिषदेवर गेल्या होत्या.

जरा थांबून ही नावं पुन्हा वाचा. ज्याचं तिकीट कापलं तो आमदार. ज्याला तिकीट दिलं आणि जो पडला, तोही आमदार. जिला डावललं तीही आमदार. पक्षातली नाराजी मिटवायची ही पद्धत आहे, कुणाला उत्तर मागायचं नाही, प्रत्येकाला काहीतरी द्यायचं. सत्ता आहे तोवर हे चालतं, कारण द्यायला पदं असतात. पण पदं मोजकी असतात.

जखम भरली का?

नाही. २०२५ च्या नगरपालिका निवडणुकीत हिंगोलीत भाजप आणि शिंदेंची शिवसेना एकमेकांविरुद्धच उभे राहिले. प्रचारात भाजपचे आमदार मुटकुळे यांनी आरोप केला की, शिंदेंसोबत जायला बांगर यांनी ५० कोटी रुपये घेतले. बांगर यांनी तो फेटाळला. आरोप सिद्ध झालेला नाही. पण तो कुणी केला हे बघा. 'पन्नास खोके' ही घोषणा २०२२ पासून विरोधक देत होते. इथं ती सत्तेतल्या मित्रपक्षाच्या आमदाराच्या तोंडून आली.

आणि प्रश्न असाही पडतो की, आरोप खरा असेल तर मुटकुळेंचा पक्ष त्याच सरकारात तीन वर्षं काय करत होता? आणि खोटा असेल तर मित्रपक्षाच्या आमदारावर असा आरोप करणाऱ्यावर कारवाई का नाही? दोन्हीपैकी काहीच झालं नाही. निवडणूक संपली की दोघंही पुन्हा सत्ताधारी बाकांवर.

यात तुमचा-आमचा संबंध काय?

पक्षांतर्गत भांडण हे पक्षाचं घरचं भांडण, असं आपण म्हणतो. पण १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदाराला पक्षाच्या व्हिपला बांधतो. म्हणजे तुम्ही निवडून दिलेला माणूस सभागृहात कसं मत देणार, हे पक्ष ठरवतो. आणि पक्षात निर्णय कसे घ्यायचे, उमेदवार कुणी निवडायचा, नेत्यावर कारवाई कुणी करायची, हे ठरवणारा ठोस कायदा आपल्याकडं नाही. पक्ष नोंदवताना घटना सादर करायची, एवढंच. ती पाळली का, हे बहुतेक वेळा पक्ष फुटल्यावरच तपासलं जातं.

ठाकरेंच्या काळात पदाधिकारी वरून नेमले जायचे. फूट पडल्यावर नेमकी तीच गोष्ट त्यांच्या विरोधात गेली. शिंदेंनी त्यातून काय धडा घेतला? हिंगोलीत तरी जिल्हाप्रमुख वरूनच नेमला गेला, उमेदवार वरूनच जाहीर झाला आणि वरूनच बदलला. कळमनुरीच्या किंवा औंढ्याच्या साध्या शिवसैनिकाला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

शाळेतल्या पोरांना उपाशी राहायला सांगणाऱ्या आमदाराला त्याच्या पक्षानं जाब विचारायला हवा होता. पक्षाला ते जमलं नाही, कारण पक्ष त्याच्यासारख्या चाळीस जणांवर उभा आहे. मित्रपक्षानं तोंड उघडलं, पण स्वतःची निवडणूक आली तेव्हा. उरतो तो मतदार. त्याच्याकडं पाच वर्षांतून एकदाच बटण असतं आणि त्या एका बटणात त्याला सोयाबीनचा भाव, आरक्षण, पक्षफूट, आमदाराची वागणूक, सगळंच बसवायचं असतं.

म्हणून पुढच्या वेळी प्रचाराला कुणी दारात आलं, तर एक साधा प्रश्न विचारून बघा. दादा, तुम्हाला तिकीट कुणी दिलं आणि तुमचं चुकलं तर पक्षात तुम्हाला विचारणारं कोण आहे? उत्तरात एकाच माणसाचं नाव आलं, तर त्या माणसाची अडचण उद्या तुमचीही अडचण असणार आहे.