‘तुला कळलं कसं नाही?’

वाकोल्यात माझी भाची आणि तिच्या चार मैत्रिणी रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. 1974 साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकजण गोष्ट चालवते, बाकीच्या त्यातली पात्रं होतात, अडेल तिथे फासे टाकायचे. यंदा भाचीने एक वैद्य रचला. जखमा बांधणारा, उधारीवर औषध देणारा, प्रत्येकीचं दुःख ऐकून घेणारा. विहिरीत विष कालवणाराही तोच! तिने खुणा पेरल्या होत्या, तरी चार महिने कुणाला संशय आला नाही. एकीला एक खूण दिसली, दुसरीला दुसरी. वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे माणूस दिसला.

अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आलं. प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच भूमिका केल्या. लखोबाची सगळी सोंगं आपण कोर्टात बसून पाहतो, म्हणून शहाणे ठरतो. फसलेल्या प्रत्येक बाईने मात्र एकच सोंग पाहिलेलं असतं.

तरीही घरात, चौकीत आपण बाईलाच विचारतो, ‘तुला कळलं कसं नाही?’ हा प्रश्न नाही, ठपका आहे. अशा माणसाचा चांगुलपणा हेच त्याचं हत्यार असतं. मैत्रिणींनो, ती आपल्याकडे येईल तेव्हा विचारू या, ‘त्याने काय केलं?’ आणि आपल्या वह्याही एकमेकींना दाखवू या.